शिबिरातली चिठ्ठी



आमच्या गावातील सेवाभावी क्लबाचे वार्षिक नेत्रतपासणी शिबिर नुकतेच पार पडले. शाळेचे तीन वर्ग, व्हरांड्यात अंथरलेल्या सतरंज्या, भिंतीवर टांगलेला अक्षरांचा तक्ता, दाराशी नावनोंदणीचे टेबल आणि कोपऱ्यात चहाची किटली, असा दरवर्षीचाच थाट होता. मी नेहमीप्रमाणे रक्तदाब आणि रक्तशर्करेच्या टेबलावर होतो. या वेळी एकच गोष्ट नवी होती. तपासणी आटोपून बाहेर पडणाऱ्या प्रत्येकाला क्लबाचे एक वयस्कर सदस्य थांबवीत आणि विचारीत, "चिठ्ठीवर काय लिहिले आहे ते कळले का? घरी कोणाला दाखवणार?" आजचा लेख या प्रश्नाविषयी आहे. तो विचारण्यास आम्हाला उशीर का झाला, याविषयीही आहे.

चार वर्षांपूर्वीच्या शिबिरात एक निवृत्त गुरुजी आले होते. त्यांची हकिकत मी त्यांच्या परवानगीने लिहीत आहे. नेत्रतज्ज्ञांनी तपासून त्यांना चिठ्ठी दिली. तिच्यावर घाईच्या इंग्रजी अक्षरांत काचबिंदूचा संशय आणि पुढील तपासणीची सूचना लिहिली होती. गर्दीत गुरुजींच्या कानांवर 'बिंदू' एवढाच शब्द स्पष्ट पडला. मोतीबिंदू असणार, पिकला की काढून टाकू, असे मानून त्यांनी चिठ्ठी घडी करून पोथीत ठेवली. पुढे सुमारे तीन वर्षे ते दर महिन्याला रक्तदाबाच्या गोळ्यांसाठी माझ्याकडे येत राहिले. मी रक्तदाब मोजला, मिठाविषयी बजावले, नातवंडांची चौकशी केली. चिठ्ठीविषयी मात्र एकदाही विचारले नाही. त्या शिबिरात मी स्वतः बसलो होतो, तरीही!

खोट प्रथम ध्यानात आली ती त्यांच्या पत्नीच्या. जेवताना ताटाच्या उजव्या बाजूची वाटी वारंवार लवंडू लागली. दाराच्या चौकटीला उजवा खांदा आपटू लागला. गुरुजी वर्तमानपत्र मात्र नीट वाचीत असत. त्यामुळे नजर गेली असेल अशी शंका कोणालाच आली नाही. नेत्रतज्ज्ञांकडे नेले तेव्हा उजव्या डोळ्याची दृष्टी जवळजवळ संपली होती आणि डाव्या डोळ्याच्या कडाही मिटत चालल्या होत्या. पोथीतली चिठ्ठी त्या दिवशी बाहेर आली.

मोतीबिंदू आणि काचबिंदू ही नावे जुळ्या भावंडांसारखी असली तरी हे दोन अगदी वेगळे आजार आहेत. मोतीबिंदूत डोळ्यातील भिंग गढूळ होते. ते काढून कृत्रिम भिंग बसवले की गेलेली नजर बहुधा परत येते. काचबिंदूत डोळ्याकडून मेंदूकडे जाणारी दृष्टिनाडी हळूहळू झिजते, आणि बहुतेक वेळा त्यामागे डोळ्यातील वाढलेला दाब असतो. हा दाब सर्वसाधारणपणे 10 ते 21 मिलिमीटर पारा इतका असतो. काहींना दाब या मर्यादेत असूनही काचबिंदू होतो, म्हणून केवळ दाब मोजून भागत नाही. दृष्टिनाडी पाहावी लागते आणि दृष्टिक्षेत्राची तपासणी करावी लागते.

काचबिंदूच्या नेहमी आढळणाऱ्या प्रकारात दुखत नाही, डोळा लाल होत नाही, पाणीही येत नाही. आधी दृष्टीच्या कडा जातात आणि मधली नजर शेवटपर्यंत टिकते. एक डोळा झिजत असताना दुसरा ती उणीव भरून काढतो, म्हणून रुग्णाला काही कळत नाही. गेलेली दृष्टी कोणत्याही औषधाने वा शस्त्रक्रियेने परत मिळत नाही. उरलेली मात्र राखता येते. मोतीबिंदूसाठी काही महिने थांबले तर सहसा फारसे बिघडत नाही. काचबिंदूत थांबणे म्हणजे दृष्टी गमावणे होय.

या आजाराचा एक दुसरा प्रकार अचानक उद्भवतो. डोळा तीव्र दुखणे, लाल होणे, दिव्याभोवती रंगीत वलये दिसणे, मळमळ वा उलटी होणे ही त्याची लक्षणे आहेत. अशा वेळी डोकेदुखीची गोळी घेऊन सकाळची वाट पाहू नये. त्याच घटकेला डोळ्यांचे रुग्णालय गाठावे.

सेवा क्लबांचे आणि डोळ्यांचे नाते जुने आहे. लायन्स क्लबांची संघटना 1917 मध्ये शिकागो येथे मेल्विन जोन्स यांच्या पुढाकाराने उभी राहिली. 1925 मध्ये ओहायोतील तिच्या अधिवेशनात हेलन केलर यांनी अंधत्वाविरुद्धचे कार्य हाती घेण्याचे आवाहन केले आणि संघटनेने ते आपले मुख्य कार्य मानले. भारतात हे क्लब 1956 पासून आहेत. रोटरीने 1985 मध्ये पोलिओ निर्मूलनाचा विडा उचलला. आपल्या देशातील पोलिओचा शेवटचा रुग्ण जानेवारी 2011 मध्ये आढळला आणि मार्च 2014 मध्ये आपला विभाग पोलिओमुक्त जाहीर झाला.

पोलिओच्या त्या मोहिमेत तरुण डॉक्टर म्हणून मीही बूथवर बसलो आहे. डोस पाजला की बाळाच्या करंगळीला शाईची खूण करीत. पुढच्या दिवसांत कार्यकर्ते घरोघर जात, दारावर खडूने खूण करीत आणि जिथे बाळ राहिले असेल तिथे पुन्हा जात. रविवारच्या बूथाइतकेच, किंबहुना अधिक, मोल त्या पुन्हा जाण्याला होते. आमच्या शिबिरांत नेमके तेच राहून गेले होते. शिबिर संपले की सतरंज्या गुंडाळल्या जात, फोटो निघत आणि चिठ्ठ्या घरोघरच्या पोथ्यांत व कपाटांत विसावत.

गुरुजींची हकिकत मी क्लबाच्या मासिक सभेत सांगितली. माझी चूकही सांगितली. सभेत थोडा वेळ कोणी बोलले नाही. मग बँकेतून निवृत्त झालेले एक सदस्य म्हणाले, "डॉक्टरसाहेब, कर्जाचा एक हप्ता चुकला तर आम्ही माणूस घरी पाठवीत होतो. इथे तर डोळ्यांचा प्रश्न आहे." त्यांनी त्याच आठवड्यात एक मोठी वही आखली. आता प्रत्येक चिठ्ठीची दुसरी प्रत क्लबाकडे राहते. निदान मराठीत आणि ठळक अक्षरांत लिहिले जाते. ज्यांना पुढील तपासणी हवी अशा रुग्णांची दहा-दहा घरे एकेका सदस्याकडे दिली जातात. पंधरा दिवसांनी दूरध्वनी आणि महिन्याने घरी भेट, असा क्रम ठरला आहे. ज्यांना सोबत नाही त्यांना कोणी तरी तालुक्याच्या रुग्णालयात घेऊन जाते. हे करणारे बहुतेक सदस्य स्वतः पासष्टीच्या पुढचे आहेत.

आता आपण घरी काय करावे ते सांगतो.

शिबिराला जाताना चालू औषधांची पाकिटे, जुना चष्मा आणि मागील कागद बरोबर न्यावेत. शक्यतो घरातील एका व्यक्तीने सोबत असावे. तपासणीनंतर तीन गोष्टी विचारून घ्याव्यात: मला काय झाले आहे, पुढे कोठे जायचे, आणि किती दिवसांत. उत्तर कळले नाही तर पुन्हा विचारण्यात संकोच नसावा.

चिठ्ठीवर रक्तदाब वा साखर वाढलेली आढळली तर एका आकड्याने घाबरू नये आणि त्याकडे दुर्लक्षही करू नये. रांगेत उभे राहून, जिना चढून वा चहा घेऊन आलेल्या माणसाचा आकडा चढा येऊ शकतो. पुढील काही दिवसांत आपल्या डॉक्टरांकडे शांत बसून तो पुन्हा तपासावा.

आईवडील वा भावंडांपैकी कोणाला काचबिंदू असेल, मधुमेह असेल, मोठ्या उणे क्रमांकाचा चष्मा असेल, किंवा स्टेरॉइडचे थेंब वा गोळ्या दीर्घकाळ चालू असतील, तर चाळिशीनंतर डोळ्यांची संपूर्ण तपासणी नियमितपणे करून घ्यावी.

काचबिंदूचे थेंब सुरू झाल्यास ते आपल्या मनाने बंद करू नयेत. नजर सुधारली असे वाटत नाही म्हणून पुष्कळजण ते सोडतात. परंतु थेंबांचे काम असलेली नजर राखण्याचे आहे. खालची पापणी किंचित ओढून एकच थेंब घालावा, डोळा मिटावा आणि नाकाजवळचा कोपरा बोटाने एक-दोन मिनिटे हलकेच दाबून धरावा. दुसरे औषध असेल तर पाच मिनिटांनी घालावे. दमा असेल किंवा नाडी मंद चालत असेल तर ते नेत्रतज्ज्ञांना आधी सांगावे, कारण टिमोलॉलसारखे काही थेंब अशा रुग्णांना बाधू शकतात. आपल्या नेहमीच्या डॉक्टरांनाही थेंबांची बाटली दाखवावी. डोळ्यात पडणारे औषधही अंगात भिनते, हे पुष्कळदा विसरले जाते.

शुश्रूषा करणाऱ्यांना एक विनंती आहे. लवंडणारी वाटी, चौकटीला लागणारा खांदा, जिन्यावर चाचपडणारे पाऊल याला केवळ 'वय झाले' म्हणू नका. एकेक डोळा आलटूनपालटून झाकून समोरचे कॅलेंडर दोन्ही डोळ्यांनी सारखेच दिसते का, ते विचारा. ही तपासणीची जागा घेणारी कसोटी नव्हे. पण मोठा फरक असल्यास तेवढ्यानेही तो उघड होऊ शकतो.

गुरुजींचा डावा डोळा थेंबांमुळे आज तसाच टिकून आहे. त्यांच्या आग्रहावरून धाकट्या भावाने तपासणी करून घेतली. त्यालाही काचबिंदू निघाला, पण अगदी आरंभीच्या अवस्थेत. गेल्या रविवारी दाराशी प्रश्न विचारणारे वयस्कर सदस्य म्हणजे हेच गुरुजी. प्रश्न विचारताना ते मान थोडी उजवीकडे वळवतात, म्हणजे समोरचा माणूस पुरता दिसतो.

आपल्या गावातही असा एखादा क्लब, ज्येष्ठ नागरिक संघ वा मंडळ असेल. त्यांच्या शिबिराला अवश्य जा. चालते-फिरते असाल तर पाठपुराव्याच्या वहीतली दहा घरे मागून घ्या. पण आधी, हा अंक बाजूला ठेवला की, घरातील पोथ्या, डायऱ्या आणि कपाटाचे खण एकदा पाहा. एखादी घडी केलेली चिठ्ठी सापडली, तर ती घेऊन उद्याच आपल्या डॉक्टरांकडे जा.