निकाहची कॅसेट आणि बनावट फ्रेम

नव्वदच्या दशकात औरंगाबादेत झालेल्या लग्नांच्या व्हीएचएस कॅसेट आता घरोघरी कपाटांतून बाहेर निघत आहेत. बरेच झाले. टेप झिजत चालली आहे, आणि व्हीसीआर बनवणारी जपानची फुनाई कंपनीही २०१६ मध्ये थांबली. कॅसेट कॉम्प्युटरवर उतरली की मुले म्हणतात, चित्र अडखळते, मोबाइलच्या व्हिडिओसारखे सुळसुळीत करू या. त्यासाठी सॉफ्टवेअर मिळते.

हे सॉफ्टवेअर दोन फ्रेम पाहून काय कुठे सरकले याचा अंदाज बांधते आणि मधली फ्रेम स्वतः रचते. दूल्हा सावकाश चालत येत असेल तर अंदाज जमतो. पण सेहऱ्याच्या लडी चेहऱ्यावर हलू लागल्या की मागचे नाक-डोळे पाघळल्यासारखे दिसतात. पंख्याची पाती विरघळतात. फ्लॅश पडला की गोंधळ आणखी वाढतो, आणि त्या काळच्या लग्नात फ्लॅश काही कमी पडत नसत!

भरभर काम करणारी सेटिंग ढोबळ अंदाज करते, बारीक सेटिंग वेळ खाते. तीन तासांच्या कॅसेटमध्ये सेकंदाला २५ प्रमाणे २,७०,००० फ्रेम होतात. दुप्पट करायच्या तर जवळपास तेवढ्याच नव्या हव्यात. कॉम्प्युटर सेकंदाला ५ नव्या फ्रेम बनवत असेल तर १५ तास लागतील. मे महिन्यात, पत्र्याखालच्या खोलीत हे काम लावायचे असेल तर रात्री लावावे, तेही तुकड्या-तुकड्यांनी. वीज गेली तर सगळे वाया जायला नको. पाहता पाहताच मधल्या फ्रेम बनवणारी एसव्हीपीसारखी सोय वेगळी. तिथे दोन फ्रेममध्ये ४० मिलिसेकंदच असतात. तेवढ्यात काम उरकले नाही तर चित्र आधीपेक्षा जास्त अडखळते, म्हणून तिथे हलकी सेटिंगच बरी.

पण आम्हाला वाटते, बहुतेक घरांना हा खटाटोप लागणारच नाही. आपल्याकडची कॅसेट पाल पद्धतीची. तिच्यात सेकंदाला २५ फ्रेम असतात असे म्हणतात खरे, पण व्हिडिओ कॅमेऱ्याने ५० अर्धी चित्रे टिपलेली असतात, एकदा विषम ओळी, एकदा सम. कॅसेट उतरवून देणारे पुष्कळदा दोन अर्ध्यांचे एक करून टाकतात. मग आपणच गमावलेल्या खऱ्या हालचालीच्या जागी बनावट हालचाल भरत बसतो. आता हयात नसलेल्या दादीचा हात वधूच्या डोक्यावरून कसा फिरला, ते त्या ५० चित्रांतच आहे.

तेव्हा उतरवतानाच ५० अर्धी चित्रे जशीच्या तशी मागून घ्या. पुढे एफएफएमपेग या मोफत सॉफ्टवेअरमधला बीडब्ल्यूडीआयएफ फिल्टर त्यांच्या ५० पूर्ण फ्रेम करतो. राहिलेल्या ओळी त्यालाही अंदाजाने भराव्या लागतात, पण प्रत्येक फ्रेममागचा क्षण खरा असतो. आणि साध्या कॉम्प्युटरवरही हे काम भराभर होते.

आपला कॉम्प्युटर कमी पडला की व्हिडिओ इंटरनेटवरच्या सेवेला पाठवून काम करून घ्यायचा मोह होतो. कॅसेटमध्ये जनान्यातले चित्रण असेल तर आधी घरातल्या बायकांना विचारा. त्यांनी बोलावलेला कॅमेरा ओळखीच्या माणसाचा होता, परक्या सर्व्हरचा नव्हे. एवढे करूनही फ्रेम वाढवायच्याच असतील तर राइफसारखी पद्धत घरच्याच कॉम्प्युटरवर चालवा, सेहऱ्याचा अर्धा मिनिट आधी तपासून पाहा, आणि नवी फाइल वेगळ्या नावाने ठेवा. मूळ फाइलच्या दोन प्रती, दोन वेगळ्या घरांत.