पाणबुड्याचे घड्याळ

पाणबुड्यांसाठी घडवलेले महागडे घड्याळ बांधून हिंडणाऱ्या बहुतेक सद्गृहस्थांची बुडी न्हाणीघरापलीकडे जात नाही. पण त्यांना हसू नये. १९५३ साली ब्लाँपँचे ‘फिफ्टी फॅदम्स’ निघाले, ते सुमारे ९१ मीटर खोलीच्या हिशेबाने. समुद्राला जे पुरले, ते मुंबईच्या पावसाला पुरेलच की!

मात्र घेताना आकड्याला भुलू नये. रोलेक्सच्या ‘सबमरीनर’वर ३०० मीटर लिहिलेले असते, आपल्याला १०० देखील रग्गड! मी म्हणेन, आधी चावीची गुंडी पाहा. ती आट्यांवर फिरून घट्ट बसली पाहिजे. काच सॅफायरची हवी, म्हणजे किल्ल्यांच्या जुडग्याने तिच्यावर ओरखडा उठत नाही. आणि जाडी एवढीच, की सदऱ्याची बाही वर सहज बसावी.

खरी मेख पुढेच आहे. आतले रबरी वॉशर काळाने कडक होतात आणि मग ३०० मीटरचे घड्याळ हात धुतानाही पाणी पिते! तेव्हा किमतीबरोबरच दर काही वर्षांनी होणाऱ्या तपासणीचा खर्चही दुकानात विचारून घ्या. तो झेपणारा नसेल, तर साधे घड्याळ बरे. पुढे लेकाच्या मनगटावर चालायचे, ते सांभाळलेले घड्याळच!