अर्ज उघडण्याआधीच लागलेला निकाल

वैमानिकांची भरती निखळ गुणवत्तेवर होते, असे विमान कंपन्या छातीठोकपणे सांगतात. हे खोटे आहे. आधी ऐपत तपासली जाते. ऐपतीत जे बसले त्यांच्यातच मग गुणवत्ता शोधली जाते.

सातारा जिल्ह्यातील पाटण तालुक्यातल्या मोरणा खोऱ्यातला एखादा मुलगा, ढेबेवाडीकडच्या माथाडी कामगाराची एखादी मुलगी वैमानिक व्हायला निघाली, तर काय वाढून ठेवले आहे ते पाहा. बारावीला भौतिकशास्त्र आणि गणित, नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाचे (डीजीसीए) लेखी पेपर, वैद्यकीय तपासणी हे सारे ती लेकरे जिद्दीने पार करतील. व्यावसायिक परवान्यासाठी लागणाऱ्या 200 तासांच्या उड्डाणाला मात्र 50 लाखांच्या आसपास रुपये मोजावे लागतात. साडेसात लाखांवरच्या शैक्षणिक कर्जाला बँक तारण मागते. डोंगरउतारावरच्या वरकस जमिनीचा सातबारा पुढे केला, तर साहेब तो वाचायचेही कष्ट घेत नाहीत. अनेकांची कसदार जमीन होती, ती कोयना धरणाच्या पाण्याखाली गेली.

तरीही कोणी घर गहाण टाकून परवाना मिळवलाच, तर पुढे कंपनीचा अर्ज उभा असतो. अर्जात प्रश्न येतो : एअरबस किंवा बोइंगचे टाईप रेटिंग, म्हणजे ते विशिष्ट विमान चालवण्याची पात्रता, आहे का? त्यासाठी आणखी पंधरा-वीस लाख. नसेल, तर अनेकदा संगणकच अर्ज बाजूला सारतो. माणसाची नजर त्यावर पडतही नाही. दुसरी वाट कंपन्यांच्या कॅडेट योजनांची. तिथे खर्च कोटीच्या घरात जातो.

त्यातून वाचलेला अर्ज भरती अधिकाऱ्याच्या टेबलावर येतो. एकूण तास, स्वतःच्या जबाबदारीवर केलेले उड्डाण, रात्रीचे तास, शेवटचे उड्डाण कधीचे, पेपर किती प्रयत्नांत सुटले, हे सारे तो तपासतो. तपासलेच पाहिजे! 2011 साली बनावट गुणपत्रिकांवर परवाने मिळवलेले वैमानिक या देशात पकडले गेले आहेत. लॉगबुकातला एक खोटा तास शेकडो प्रवाशांच्या जिवावर उठू शकतो. सुरक्षेच्या कसोटीत तसूभरही सूट आम्ही मागत नाही.

आमचा संताप वेगळ्याच गोष्टीचा आहे. प्रशिक्षणात आठ महिन्यांचा खंड दिसला की भरती अधिकारी भुवई उंचावतो. तो खंड आळसाचा की थकलेल्या हप्त्याचा, हे त्या कागदावर कुठे लिहिलेले असते? शेवटचे उड्डाण वर्षापूर्वीचे दिसले की उमेदवार ‘गंजला’. पण नोकरी नसलेल्या मुलाने तासाला हजारो रुपये मोजून हात चालता ठेवायचा कुठून? गरिबी अशी गुणवत्तेच्या रकान्यात नापास होते आणि तिला कारणसुद्धा कळवले जात नाही. त्यात विमान कंपन्याच बंद पडत गेल्या : किंगफिशर, जेट, मग 2023 मध्ये गो फर्स्ट. दर वेळी हजारो तासांचे अनुभवी वैमानिक बाजारात आले आणि 200 तासवाल्यांचे अर्ज तळाला गेले. बापाच्या पैशावर थांबू शकले, ते टिकले. बाकीचे कर्ज फेडायला मिळेल त्या कामाला लागले.

एअर इंडिया सरकारी होती तोवर पात्रता जाहिरातीत छापून येई आणि आरक्षण लागू असे. 27 जानेवारी 2022 रोजी ती टाटांकडे गेली आणि तो दरवाजाही मिटला.

ज्या पाटणच्या बाळासाहेब देसाईंनी शिक्षणमंत्री म्हणून आर्थिकदृष्ट्या मागासांना फीमाफी दिली, ज्या कराड तालुक्यातल्या काले गावी 1919 साली भाऊराव पाटलांनी रयत शिक्षण संस्था उभी केली, त्या मुलखाने हा अन्याय मुकाट गिळायचा? कराडची धावपट्टी कोयना धरणाच्या कामासाठी बांधली गेली. त्या धरणासाठी ज्यांची घरे उठली, त्यांच्या नातवंडांनी विमान खालूनच बघत राहायचे?

डीजीसीएने प्रत्येक विमान कंपनीला छाननीचे निकष जाहीर करायला लावावेत. अर्ज नाकारला तर कारण लेखी द्यावे. पहिल्या छाननीत टाईप रेटिंगची अट नको. ते प्रशिक्षण कंपनीने स्वखर्चाने द्यावे, हवा तर सेवेचा करार लिहून घ्यावा. बाँड भरायला आमची पोरे डरत नाहीत. प्रशिक्षणातल्या खंडाचा खुलासा करायला अर्जातच जागा हवी. आणि राज्य सरकारने कमी उत्पन्नाच्या घरांतील मुलांच्या उड्डाण प्रशिक्षणाच्या कर्जाला स्वतः हमी द्यावी.

डिसेंबर 2024 च्या राज्य मंत्रिमंडळात सातारा जिल्ह्याला चार मंत्रिपदे मिळाली. नागरी विमान वाहतुकीचे केंद्रीय राज्यमंत्रिपद त्याच वर्षी पुण्याच्या मुरलीधर मोहोळ यांच्याकडे आले. वरच्या मागण्यांपैकी कोणती हे मंत्री मान्य करून घेणार आणि कधी, हे त्यांनी पाटणला येऊन लोकांसमोर सांगावे.