गावाचा पाऊस पुण्यातल्या संगणकात: वेग वाढला, मग पेरणीचा निर्णय सोपा झाला का?

२६ मे २०२५. या एकाच दिवशी दोन गोष्टी घडल्या. मान्सून मुंबईत दाखल झाला, तोही आजवरच्या नोंदीत सगळ्यात लवकर. त्याच दिवशी दिल्लीत केंद्र सरकारनं ‘भारत फोरकास्ट सिस्टीम’ ही नवी हवामान अंदाज प्रणाली सुरू केली. आधी १२ किलोमीटरच्या चौकोनात मिळणारा अंदाज आता ६ किलोमीटरच्या चौकोनात मिळणार, असं जाहीर झालं.

पुढं काय झालं ते शेतकऱ्यांना आठवत असेल. मेच्या शेवटी मान्सून थबकला आणि जूनच्या मध्यापर्यंत पुढं सरकलाच नाही. रान ओलं झालं म्हणून पेरणीची घाई करू नका, असं कृषी विभागाला सांगावं लागलं. दुबार पेरणी म्हणजे बियाणं, खत आणि मजुरी दुसऱ्यांदा. त्यामुळं हवामानाचा अंदाज कोण काढतं, कशावर काढतं आणि त्यावर किती विसंबायचं, हा प्रश्न थेट खिशाचा आहे. आणि त्याचं निम्मं उत्तर आभाळात नसून संगणकाच्या चिपमध्ये आहे.

चौकोन निम्मा, हिशोब आठपट

हवामानाचा अंदाज काढताना संगणक नकाशाचे चौकोन पाडतो. प्रत्येक चौकोनात वारा किती, ओल किती, तापमान किती हे भरतो. मग थोड्या वेळानं काय होईल, त्यानंतर काय होईल, असा एकेक टप्पा हिशोब पुढं नेतो.

१२ किलोमीटरचा चौकोन म्हणजे १४४ चौरस किलोमीटर. त्यात डोंगराकडची गावं आणि पठारावरची गावं एकाच मापात मोजली जायची. ६ किलोमीटरचा चौकोन म्हणजे ३६ चौरस किलोमीटर. म्हणजे एकाच्या जागी चार चौकोन झाले. एवढ्यावर भागत नाही. चौकोन लहान झाला की वारा त्यातून निम्म्या वेळात पलीकडं जातो. म्हणून हिशोबही दुप्पट वेळा करावा लागतो. चार गुणिले दोन, असं काम ढोबळमानानं आठपट होतं. उद्या ३ किलोमीटरवर जायचं म्हटलं तर पुन्हा आठपट, म्हणजे मुळाच्या ६४ पट.

ऑक्टोबर २०२४ पासून ग्रामपंचायत पातळीवरचा अंदाज मोबाईलवर मिळतो. पण मूळ हिशोब चौकोनाचा असतो, त्यातूनच गावाचा आकडा काढला जातो. त्यामुळं कुणी ‘तुमच्या गट नंबरचा पाऊस सांगतो’ म्हणत असेल तर सावध राहिलेलं बरं.

हे काम करणारा ‘अर्क’ नावाचा महासंगणक पुण्यात पाषाणला, भारतीय उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेत आहे. त्याचा जोडीदार ‘अरुणिका’ नोएडात आहे. दोन्ही सप्टेंबर २०२४ मध्ये सुरू झाले आणि दोघांचा मिळून खर्च ८५० कोटी रुपये. अर्कची क्षमता ११.७७ पेटाफ्लॉप्स, म्हणजे सेकंदाला ११,७७० लाख कोटी आकडेमोडी. आधीच्या ‘प्रत्यूष’ला अंदाज काढायला १० तासांपर्यंत वेळ लागायचा. अर्क ते काम चार तासांत करतो, असं सांगितलं गेलं. सहा तास वाचले, तर आज संध्याकाळी फवारणी करायची की नको, हे आजच कळायची शक्यता वाढते.

गिगाहर्ट्झची शर्यत कधीच थांबली

मोबाईलच्या दुकानात आजही ‘किती गिगाहर्ट्झचा प्रोसेसर’ हा प्रश्न होतो. गिगाहर्ट्झ म्हणजे चिपचा ठोका, सेकंदाला किती अब्ज वेळा पडतो ते. साधारण २००४ पर्यंत हा ठोका दरवर्षी वाढत होता. मग चिप इतकी तापायला लागली की कंपन्यांना थांबावं लागलं. त्याच वर्षी इंटेलनं ४ गिगाहर्ट्झची पेंटियम ४ बाजारात आणायचा बेत सोडून दिला.

तेव्हापासून दुसरी वाट धरली गेली. एका गड्याला पळवत ठेवण्यापेक्षा टोळी लावायची. एका चिपमध्ये चार, आठ, पुढं साठ-सत्तर ‘कोअर’ बसवायचे. महासंगणकात अशा हजारो चिप एकत्र जोडलेल्या असतात. पण टोळी वाढली म्हणून काम त्याच पटीत वाढत नाही, हे ऊसतोडीच्या मुकादमाला सांगायची गरज नाही. शेजारच्या चौकोनातला वारा कळल्याशिवाय या चौकोनाचा हिशोब पुढं जात नाही. एक कोअर मागं राहिला की बाकीचे त्याची वाट बघत बसतात.

कारखाना मोठा, ऊस यार्डात

खरी अडचण वेगळीच आहे. साखर कारखान्याची गाळप क्षमता वाढवली, पण यार्डातून गव्हाणीपर्यंत ऊसच वेळेत येत नसेल तर काय उपयोग? चिपचं तेच झालंय. आकडेमोड क्षणात होते, पण आकडे मेमरीतून आणायला वेळ लागतो. अमेरिकेतल्या व्हर्जिनिया विद्यापीठाचे विल्यम वुल्फ आणि सॅली मॅकी यांनी १९९५ मध्येच या अडचणीला ‘मेमरीची भिंत’ असं नाव दिलं होतं.

यावर उपाय म्हणून चिपच्या आतच थोडी वेगवान मेमरी ठेवतात. तिला कॅश म्हणतात. गव्हाणीला लागूनच थोडा ऊस रचून ठेवावा, तसं. पण हवामानाचा हिशोब इतका मोठा असतो की तो या छोट्या जागेत मावत नाही.

म्हणून पेटाफ्लॉप्सचा आकडा बघून हुरळून जाऊ नये. जपानचा फुगाकू हा महासंगणक नेहमीच्या चाचणीत ४४२ पेटाफ्लॉप्स देतो. मेमरीवर ताण आणणाऱ्या, प्रत्यक्ष कामाशी जवळ जाणाऱ्या चाचणीत तोच १६ वर येतो. शंभरातले चारसुद्धा पुरे नाहीत. आणि तरीही या चाचणीत तो जगातल्या सर्वोत्तम यंत्रांपैकी एक आहे. पाटीवरचा एचपी आणि विहिरीतून प्रत्यक्ष निघणारं पाणी, यातला हा फरक आहे.

सोनाराचा काटा कांद्याला कशाला?

मग संशोधकांनी उलटा विचार केला. प्रत्येक आकडा १५-१६ अंकांपर्यंत अचूक कशाला मोजायचा? मुळात हवेचं तापमान मोजणारं यंत्रच इतकं अचूक नसतं. कांद्याची गोणी सोनाराच्या काट्यावर कुणी तोलत नाही.

युरोपच्या मध्यम पल्ल्याच्या हवामान अंदाज केंद्रानं २०२१ मध्ये सात अंकांच्या आसपासची अचूकता वापरून अंदाज काढायला सुरुवात केली. अंदाज बिघडला नाही, वेळ मात्र सुमारे ४० टक्के वाचला. आकडा आखूड झाल्यावर मेमरीतून आणायचं ओझंही निम्मं झालं. वाचलेली ताकद त्यांनी हवेचे आणखी थर मोजायला वापरली. एकही नवी चिप न घेता हे साधलं.

याच वाटेनं पुढं एआयच्या चिप आल्या. त्या कमी अंकांचे गुणाकार एकाच वेळी प्रचंड संख्येनं करतात, बाकी फारसं काही करत नाहीत. त्यांच्यावर कित्येक दशकांच्या जुन्या हवामान नोंदी शिकवलेली प्रणाली काही मिनिटांत अंदाज देते. २०२५ च्या खरिपात केंद्रीय कृषी मंत्रालयानं १३ राज्यांतल्या ३ कोटी ८० लाख शेतकऱ्यांना मान्सूनच्या आगमनाचे एआयवर आधारित संदेश पाठवले. त्यासाठी गुगलची न्यूरल जीसीएम आणि युरोपीय केंद्राची एआयएफएस या प्रणाली वापरल्या. मान्सून मध्येच थबकेल, हेही त्यात आधी ओळखलं गेलं होतं. मात्र ही प्रणाली मागच्या नोंदींवरून शिकते. जे पूर्वी कधी घडलंच नाही, तिथं ती चुकण्याचा धोका राहतो.

चिप कुणाची?

१९८० च्या दशकात भारतानं हवामान आणि संशोधनासाठी अमेरिकेकडं क्रे कंपनीचे महासंगणक मागितले. हवा होता तो ताकदवान संगणक अमेरिकेनं दिला नाही. त्यातून १९८८ मध्ये पुण्यात सी-डॅक उभी राहिली आणि डॉ. विजय भटकर यांच्या नेतृत्वाखाली १९९१ मध्ये ‘परम ८०००’ तयार झाला. आपल्याला त्याचा अभिमान आहे आणि असावाच. पण त्यातली चिप ब्रिटिश होती. पुढं प्रत्यूषमध्ये इंटेलची चिप आली, अर्कमध्ये एएमडीची. दोन्ही कंपन्या अमेरिकन. म्हणजे ३५ वर्षं झाली, हिशोब आपला, पण इंजिन परक्याचं.

इथं एक नवी वाट उघडली आहे. प्रत्येक चिपला कळणारी ठरावीक आज्ञांची यादी असते, ती तिची बाराखडी. बहुतेक मोबाईलमध्ये आर्म या कंपनीची बाराखडी चालते आणि त्यासाठी पैसे मोजावे लागतात. २०१० मध्ये कॅलिफोर्नियातल्या बर्कली विद्यापीठात ‘रिस्क-फाइव्ह’ ही बाराखडी तयार झाली. ती सगळ्यांना खुली आहे. तिच्यावर आयआयटी मद्रासनं ‘शक्ती’ आणि सी-डॅकनं ‘वेगा’ प्रोसेसर बनवले. डिसेंबर २०२५ मध्ये सी-डॅकचा दोन कोअरचा, १ गिगाहर्ट्झचा ‘ध्रुव ६४’ जाहीर झाला.

अर्कसारख्या महासंगणकाचं काम या चिपला झेपणारं नाही, हे स्पष्ट बोललेलं बरं. पण अशा ताकदीच्या चिपची गरज गावात जास्त आहे. वीज मीटर, ठिबकचं नियंत्रण यंत्र, पाऊस मोजणारं स्वयंचलित केंद्र, यांना महासंगणकाची ताकद लागत नाही. सुरुवात तिथून झाली तर पुढची पिढी मोठं इंजिनही बनवेल.

घोडं अडतं कुठं?

सगळं वेगवान झालं तरी तीन गोष्टी चिपच्या हातात नाहीत. पहिली मोजणी. राज्यात महावेधची केंद्रं महसूल मंडळ पातळीवर आहेत, पण एका मंडळात बरीच गावं येतात. केंद्रावर पाऊस पडला आणि शेजारच्या शिवारात पडलाच नाही, हे नेहमीचं आहे. चौकोन बारीक झाला, पण त्यात भरायची नोंद विरळ असेल तर उत्तरही तसंच येणार.

दुसरी गोष्ट हवेचा स्वभाव. सुरुवातीच्या नोंदीतली छोटी चूक काही दिवसांत मोठी होते. म्हणून एकच हिशोब थोडा थोडा बदलून अनेकदा करतात आणि त्यातून पावसाची शक्यता किती टक्के ते सांगतात. संगणकाचा वाढलेला वेग इथंच खऱ्या अर्थानं कामी येतो. पण मोबाईलवर येईपर्यंत ही टक्केवारी गळते आणि ‘पाऊस पडणार’ एवढंच उरतं.

तिसरी गोष्ट माणूस. कृषी विज्ञान केंद्रांतून अंदाजाचा अर्थ लावून तालुक्यापुरता पीक सल्ला देणारी १९९ जिल्हा कृषी हवामान केंद्रं देशात होती. २०२४ च्या सुरुवातीला केंद्रानं ती बंद करण्याचा निर्णय घेतला. त्याच वर्षी ८५० कोटींचे महासंगणक सुरू झाले. आकडा वेगानं निघायला लागला आणि तो आकडा कपाशीला काय सांगतो हे समजावणारा माणूस गेला. हा हिशोब कुठल्याच चिपला जुळवता येणार नाही.

त्यामुळं येत्या पेरणीला साध्या गोष्टी ध्यानात ठेवलेल्या बऱ्या. संदेश कधी निघाला ते बघावं, दोन दिवसांपूर्वीचा फॉरवर्ड हा अंदाज नव्हे. पहिल्या दोन-तीन दिवसांच्या अंदाजावर जास्त भर द्यावा, आठवड्यापलीकडच्यावर कमी. आणि शिवारात ७५ ते १०० मिलिमीटर पाऊस झाल्याशिवाय चाड्यावर मूठ धरू नये, हा कृषी विद्यापीठांचा जुना सल्ला अर्क आल्यानंही बदललेला नाही.