शिबिरं येतात, जातात. गावात उरतं काय?



दिवाळी सरली की शिबिरांचा हंगाम लागतो. मिशनच्या शाळा-कॉलेजांची पोरं येतात, एनएसएसची येतात. सात-आठ दिवस राहतात, रस्ता झाडतात, शोषखड्डा खणतात, भिंतीवर घोषणा लिहितात, शेवटच्या रात्री नाच-गाणं करतात आणि गाडीत बसून जातात. मग गावात दोन पक्ष पडतात. एक म्हणतो, फुकट काम होतंय, होऊ द्या. दुसरा म्हणतो, मिशनवाले आहेत, बाटवायला आलेत, हाकला. आमचं म्हणणं असं की हे दोन्ही प्रश्न चुकीच्या टोकाला धरलेत. गाडी गेल्यावर गावात काय उरलं, एवढंच ग्रामसभेने विचारावं.

विद्यार्थ्यांनी दूरदेशी सेवेला जायचं ही गोष्ट जुनी आहे. १८०६ साली अमेरिकेत विल्यम्स कॉलेजच्या काही पोरांनी पावसात गवताच्या गंजीआड बसून तसा निश्चय केला. त्यातून १८१० साली मिशनची संस्था निघाली आणि १८१३ साली त्याच कॉलेजात शिकलेला गॉर्डन हॉल मुंबईला उतरला. १८३१ साली मिशन नगरला आलं, आणि पुढे आमच्या पैठणच्या पलीकडे, नेवासा तालुक्यात वडाळ्यालाही पोचलं. या लोकांनी इथल्या देवांना खोटं म्हटलं, हे झाकायचं कारण नाही. पण नगरच्या फॅरार बाईंच्या शाळेतून सावित्रीबाई शिक्षिका होऊन आल्या, हेही झाकायचं नाही. हे कशामुळे झालं? ही माणसं आठ दिवसांसाठी आली नव्हती. हॉल मराठी शिकला, तेरा वर्षं राहिला आणि १८२६ साली नाशिककडच्या फेरीत पटकीने इथेच मेला. जो राहतो, आपली भाषा शिकतो, त्याच्या कामाचा माग उरतो.

जवळचा दाखला घ्या. १९७८ साली डहाणू-तलासरीकडे कष्टकरी संघटना उभी राहिली. ती उभी करणारे प्रदीप प्रभू मूळचे जेसुइट. आदिवासींमध्ये राहिल्यावर त्यांना दिसलं की नुसत्या शाळेने आणि औषधाने भागत नाही, मूळ दुखणं जमिनीचं आहे. सेवा करायला आलेला माणूस हक्कासाठी आपल्या बरोबरीने उभा राहिला. शिबिराचा खरा परिणाम म्हणतात तो हा.

आता धर्माचं. आदिवासी कोणत्याही धर्मात गेला तरी त्याचा अनुसूचित जमातीचा दाखला जात नाही. वनहक्काच्या अर्जात धर्म विचारतच नाहीत. म्हणून क्रूस विरुद्ध भगवा असं भांडण लावून कुणी ग्रामसभा फोडत असेल तर समजा, त्याचा डोळा आपल्या जमिनीवर आहे. मात्र शिबिरवाल्यांनाही स्पष्ट सांगायचं: तुमची प्रार्थना तुम्ही करा, पण औषधाला, वहीला, खाऊला अट लावायची नाही. पैठणच्या नाथांनी रामेश्वराची कावड तहानेल्या गाढवाच्या तोंडी रिकामी केली असं सांगतात. आधी त्याची जात-पात विचारली नाही. सेवा म्हणायची तर अशी.

आणखी एक. ही पोरं उद्या तलाठी होतील, रेंजर होतील, वकील होतील. आठ दिवसांत त्यांनी फक्त 'साधीभोळी माणसं' पाहिली, तर उद्या त्याच खुर्चीतून ती आपल्याला अतिक्रमणवाले म्हणतील. त्यांना दाखवा की धरण कुणाच्या जमिनीवर उभं राहतं. १९६५ साली जायकवाडीचा पाया घातला, १९७६ साली उद्घाटन झालं. नाथसागर बघायला लोक येतात, पण पाण्याखाली गेलेल्या गावांची नावं किती जण विचारतात?

म्हणून शिबिराला नाही म्हणू नका. पण ग्रामसभेच्या अटीवर हो म्हणा:

१. ठरावाशिवाय शिबिर नाही. सरपंचाच्या एकट्याच्या सहीवर चालणार नाही.

२. काम गाव सांगेल. १३ डिसेंबर २००५ च्या आधीपासून जमीन कसतो, हे दाव्यात दाखवावं लागतं, आणि एकापेक्षा जास्त पुरावे लागतात. दावेदार सोडून दुसऱ्या ज्येष्ठाचा लेखी जबाब हा कायद्याने पुरावा आहे. आपली म्हातारी माणसं एकेक करून चालली. पोरांनी भिंती रंगवण्याऐवजी हे जबाब लिहावेत, आपल्या बोलीत वाचून दाखवावेत, मगच अंगठा घ्यावा. जीपीएसने प्लॉट मोजायला वन हक्क समितीला हात द्यावा.

३. लिहिलेलं, मोजलेलं, काढलेले फोटो, सगळ्याची एक प्रत गावात राहील. माहिती शहरात आणि गाव कोरडं, हे बंद.

४. झाडं ग्रामसभा दाखवील तिथेच लावायची. दाव्यातल्या जमिनीवर एक रोपही नको. आज पोरांनी हौसेने लावलेलं झाड उद्या 'इथे रोपवन आहे' म्हणून आपल्याच विरुद्ध साक्ष देईल.

५. आलात तर तीन वर्षं याच गावात या. पहिल्या वर्षी लिहिलेल्या दाव्याचं काय झालं, ते दुसऱ्या वर्षी येऊन तहसीलला आमच्यासोबत विचारा.

या अटी ऐकून जे मागे फिरतील त्यांना फोटो हवे होते असं समजा. जे थांबतील त्यांना भाकरी द्या, आपली बोली शिकवा. पुढच्या ग्रामसभेत हा विषय घ्या, आणि ठराव झाला की त्याची नक्कल आमच्याकडे पाठवा. पुढच्या अंकात छापू.

जिंदाबाद!