एकोपा नको, सावड हवी

गणपती आणि ईद जवळजवळ आले की मराठवाड्यातल्या पोलीस ठाण्यांत शांतता समितीच्या बैठका बसतात. चहा येतो, दोन-चार भाषणं होतात आणि एक वाक्य हमखास ऐकू येतं: आपल्या गावाला एकोप्याची परंपरा आहे, बाहेरच्यांनी येऊन ती बिघडवू नये. मान हलवायला हे वाक्य फार सोयीचं आहे, कारण बाहेरचा तिथं हजर नसतो.

नांदेड जिल्ह्यातल्या हिमायतनगरसारख्या गावात तर ते पटतंही. जुनं नाव वाढोणा, निजामी अमलातलं नाव हिमायतनगर, आणि बोलताना लोक दोन्ही वापरतात. परमेश्वराच्या मंदिरात महाशिवरात्रीची यात्रा भरते. मुदखेड-आदिलाबाद रेल्वे गावावरून जाते. पैनगंगा ओलांडली की विदर्भ, दुसऱ्या अंगाला तेलंगण फार लांब नाही. बाजारात उभं राहिलं तर मराठी, उर्दू, तेलुगू आणि तांड्यावरची गोरमाटी तासाभरात कानावर पडते. इतकी माणसं इतकी वर्षं एकत्र नांदली, याला एकोपा नाही तर काय म्हणायचं?

माझं भांडण इथंच आहे. एकत्र राहणं आणि एकोपा या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि पहिलीवरून दुसरी सिद्ध होत नाही. शिवाय ‘पूर्वी सगळं छान होतं’ हे म्हणणं नांदेड आणि लातूर या आपल्या दोन जिल्ह्यांच्या इतिहासापुढं टिकत नाही.

बाहेरचा म्हणजे कोण? निजामाच्या बाजूनं लढणाऱ्या रझाकारांचा म्होरक्या कासीम रझवी लातुरात वकिली करायचा. ज्या पक्षकारांची गाऱ्हाणी त्यानं ऐकली, त्यांच्याच मुलखावर त्याची संघटना चालून गेली. मग 13 सप्टेंबर 1948 ला भारतीय फौजा हैदराबाद संस्थानात शिरल्या आणि 17 तारखेला निजामानं शस्त्रं खाली ठेवली. हा दिवस आपण मुक्तिसंग्राम दिन म्हणून साजरा करतो, आणि तो करावाच. पण त्याच्या पुढच्या आठवड्यांत काय झालं, ते झेंडावंदनाच्या भाषणात येत नाही. नेहरूंच्या सरकारनं पंडित सुंदरलाल आणि काझी अब्दुल गफार यांना पाहणीला पाठवलं. त्यांच्या अहवालात संस्थानभरातल्या मुस्लिमांच्या मृत्यूंचा अंदाज 27 ते 40 हजारांचा आहे, आणि सर्वांत जास्त झळ बसलेल्या चार जिल्ह्यांत उस्मानाबाद, गुलबर्गा आणि बिदर यांच्यासोबत नांदेडचं नाव आहे. (आजच्या लातूर जिल्ह्याचा बराच भाग तेव्हा उस्मानाबादेत होता.) हा अहवाल सरकारनं कित्येक दशकं प्रसिद्ध केला नाही. रझाकारांनी आधी गावंच्या गावं लुटली, माणसं मारली, हे खरं. पण रझाकार कधीच न झालेल्या विणकरानं किंवा तांबोळ्यानं त्याची किंमत का मोजावी, याला कुणाकडेही उत्तर नाही.

दुसरी तारीख 27 जुलै 1978. मराठवाडा विद्यापीठाला डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचं नाव देण्याचा ठराव विधिमंडळात झाला आणि मराठवाडा पेटला. नांदेड आणि परभणी जिल्ह्यांत दलित वस्त्यांवर सर्वाधिक हल्ले झाले. टेंभुर्णीच्या पोचिराम कांबळेंना मारून टाकलं. नामविस्तार व्हायला 14 जानेवारी 1994 उजाडावं लागलं, आणि त्याच्या जेमतेम दीड महिना आधी नांदेडात गौतम वाघमारेंनी स्वतःला जाळून घेतलं. 1978 ला घरं जाळणारे बाहेरून ट्रकनं आले नव्हते. ज्यांच्या शेतात या वस्त्यांमधली माणसं पिढ्यान्‌पिढ्या खुरपत, कापत, राखण करत होती, त्यांच्यातलेच अनेक जण त्या जमावात होते. ओळख होती, रोजचा संबंध होता, एकमेकांवर अवलंबून असणंही होतं. तरी काडी लागली.

म्हणजे ‘लोकांचा संपर्क वाढवा, ओळखी वाढवा’ हा उपाय पुरत नाही, हे आपल्याच मातीत सिद्ध झालेलं आहे.

पण त्याच सुंदरलाल अहवालात एक नोंद आहे, आणि माझ्या मते ती सगळ्या अहवालातली सर्वांत मोलाची. अनेक ठिकाणी हिंदूंनी मुस्लिम शेजाऱ्यांना आसरा दिला, असं समितीला आढळलं. आणि हा जिव्हाळा विशेष ठळक दिसला तो एकाच धंद्यातल्या माणसांत. हिंदू विणकर मुस्लिम विणकरांसाठी हिंदू जमावासमोर उभे राहिले, त्यात काहींनी जीवही गमावला.

विणकरच का? मालक आणि गडी का नाही, सावकार आणि कूळ का नाही? समितीनं याचं कारण दिलेलं नाही, म्हणून माझं सांगतो. मागावर बसलेली दोन माणसं बरोबरीची असतात. दोघांना सुताचा भाव सारखाच चिमटा काढतो, व्यापारी दोघांनाही सारखाच नाडतो. एकाचं नुकसान दुसऱ्याला आकड्यांत कळतं. 1978 च्या गावात संबंध होते, पण त्यांत एक हात वर आणि एक हात खाली होता. खालचा हात जरा वर आला, विद्यापीठाच्या नावापुरता का होईना, तर वरच्याला तो अपमान वाटला. बलुतं आणि सालगडीपणाच्या नात्याला आपण एकोपा म्हणत आलो. ती शांतता होती खरी, पण ज्याच्या गप्प बसण्यावर ती उभी होती त्याला कुणी विचारलं नव्हतं.

आता दुसरा पूर्वपक्ष, जो हल्ली जास्त ऐकू येतो: संकट आलं की माणसं आपोआप एक होतात. पुराचं, भूकंपाचं उदाहरण दिलं जातं. पहिल्या आठवड्यापुरतं ते खरंही असतं. ऑगस्ट 2025 मध्ये मुखेड तालुक्यातल्या हसनाळ परिसरात पाणी शिरलं, तेव्हा आधी कुणाला बाहेर काढायचं हे जात बघून ठरलं असेल असं मलाही वाटत नाही. पण संकटाचा दुसरा अंक वाटपाचा असतो, आणि तिथं एकोप्याचं खरं रूप कळतं.

30 सप्टेंबर 1993 ची पहाट. किल्लारीच्या भूकंपानं लातूर-उस्मानाबादची गावं जमीनदोस्त केली. ढिगाऱ्याखालून माणसं काढताना कुणी सातबारा मागितला नाही. पुनर्वसनात मात्र तो मागितला गेला. नव्या गावांत भूमिहीनाला आणि अल्पभूधारकाला 250 चौरस फुटांचं घर, मधल्या शेतकऱ्याला 400 चं, मोठ्या जमीनदाराला 750 चं. भूकंपानं काही क्षण पुसलेली उतरंड सरकारी खर्चानं, सिमेंटमध्ये पुन्हा उभी राहिली. हिशेब करणाऱ्यांची बाजूही होती: शेतकऱ्याला बैल, अवजारं, धान्य ठेवायला जागा लागते. लागतेच. पण ज्याच्याकडे शेत नाही त्याच्याही घरात सून येते, लेकरं वाढतात, हे त्या हिशेबात कुठं बसलं?

आणि 2016 चं लातूर. एप्रिलमध्ये मिरजेहून रेल्वेनं पाणी आलं, पहिल्या गाडीला 10 टाक्या, 5 लाख लिटर. देशभर फोटो झळकले, लातूरकरांनी वर्गणी काढून मांजरेचं पात्र खोल केलं, त्याचंही कौतुक झालं आणि ते रास्तच होतं. पण रेल्वे येण्याआधी, मार्चमध्ये, पाण्याच्या टाक्यांजवळ प्रशासनाला 144 कलम लावावं लागलं होतं. पाच माणसांनी टाकीपाशी एकत्र जमू नये! एकोप्याची परंपरा सांगणाऱ्या शहरात पाण्यासाठी जमणं हाच गुन्हा ठरला. मी यात लातूरकरांना दोष देत नाही. पाणी कुणाला किती आणि कोणत्या क्रमानं, हे सगळ्यांनी मिळून आधी ठरवलेलं नसेल तर टंचाईत शेजारी हा प्रतिस्पर्धीच होतो. संकट माणसांना जोडत नाही. आधी जोडलेली असली तर ती किती घट्ट जोडलीत, ते दाखवतं.

तिसरा सल्ला शहाण्यासुरत्यांचा: मोबाइल बाजूला ठेवा, बातम्या बघू नका, ग्रुपमधून बाहेर पडा, मन शांत ठेवा. रात्रीची झोप नीट लागावी म्हणून तो जरूर पाळावा. पण 2 सप्टेंबर 2025 ला निजामकाळातल्या हैदराबाद गॅझेटच्या आधारे मराठ्यांना कुणबी दाखले देण्याबाबत शासन निर्णय निघाला, तेव्हा मराठा शेतकऱ्याच्या मुलीचा दाखला त्याच्याशी बांधला गेला आणि ओबीसी सुताराच्या मुलाची धास्तीही. त्याच गॅझेटवर बोट ठेवून बंजारा समाजानं अनुसूचित जमातीत समावेश मागितला आणि आदिवासी समाज विरोधात रस्त्यावर उतरला. हिमायतनगर-किनवटच्या पट्ट्यात तांडा आणि आदिवासी पाडा यांच्यात फारसं अंतर नसतं. इथं बातमी बंद केली तरी प्रश्न दारातच उभा असतो. ज्याला मन शांत ठेवणं परवडतं त्यानं ठेवावं, पण तो सल्ला दुसऱ्याला फुकट वाटू नये.

मग करायचं काय?

आपल्याकडे सावड होती, अजून थोडी आहे. एकाकडे एक बैल, दुसऱ्याकडे एक. दोघं मिळून जोडी होते. आज याच्या रानात पाळी, उद्या त्याच्या. तिथं कुणी कुणावर उपकार करत नाही. बैल मेला तर दोघांचं पीक बुडतं. सावडीला प्रेमाची अट नाही, गोडीगुलाबीची नाही, मतं जुळण्याचीही नाही. मी तर म्हणेन, सावडकऱ्यांमधली भांडणं गावात सर्वांत जास्त असतात, पण ती बांधावर होतात आणि पेरणीआधी मिटतात, कारण पाऊस थांबत नाही. मला बंधुभावाच्या भाषणाऐवजी हे हवं आहे: बरोबरीच्या वाट्यानं, दोघांच्या गरजेनं चाललेला व्यवहार, ज्यात तुटण्याची किंमत दोघांनाही सारखी बसते.

हे नुसतं गावठी शहाणपण नाही. आशुतोष वार्ष्णेय यांनी 2002 मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात दंगली होणाऱ्या आणि न होणाऱ्या शहरांच्या जोड्या तपासल्या आहेत, त्यांत हैदराबाद आणि लखनौ ही एक जोडी. त्यांचा निष्कर्ष असा की शेजारपाजार, सणाचं बोलावणं यांनी लहान गाव तग धरतं, पण मोठ्या शहरात ते पुरत नाही. तिथं दोन्ही समाजांची माणसं सभासद असलेल्या व्यापारी, कामगार, व्यावसायिक संघटना असतील तरच अफवा पेट घेत नाही. माझी पुरवणी एवढीच, की आपली लहान गावंही आता त्या अर्थानं लहान राहिलेली नाहीत. नांदेडची अफवा हिमायतनगरला पोचायला आता रेल्वेची वाट बघत नाही.

यावर खरा, टोकदार आक्षेप असा येतो: ज्याच्याशी माझ्या लेकराच्या जागेसाठी स्पर्धा आहे त्याच्याशी सावड कशी करू? आरक्षणाचं भांडण गैरसमजाचं नाही, ते हितसंबंधांचं आहे, आणि ‘आपण सगळे एकच’ म्हणून ते मिटणार नाही. मान्य. म्हणूनच मी कुणाला आपली मागणी सोडायला सांगत नाही. मोर्चा काढावा, न्यायालयात जावं, सभेत तावातावानं बोलावं. पण मोर्चाचा वाद दुकानाच्या पायरीवर आणू नये. त्या जातीच्या माणसाकडून किराणा घ्यायचा नाही, त्याच्या ऑटोत बसायचं नाही, त्याच्याकडे दाढी करायची नाही, असले निरोप गेल्या काही वर्षांत मराठवाड्यात फिरले आहेत. महाराष्ट्रात सामाजिक बहिष्कारविरोधी कायदा 2017 पासून लागू आहे, पण तो मुख्यतः जातपंचायतीनं आपल्याच समाजातल्या माणसावर टाकलेल्या बहिष्कारासाठी. परजातीच्या दुकानाकडे पाठ फिरवणाऱ्याला तो गाठत नाही, आणि गाठावा असं मी म्हणणारही नाही, कारण सामान कुठून घ्यावं हे पोलिसांनी ठरवू नये. ते ज्यानं त्यानं ठरवायचं आहे. असा निरोप पुढं पाठवणारा दुसऱ्याचं दुकान बंद करत नाही फक्त, ज्या दिवशी त्याला स्वतःला उधारी लागेल तो दिवसही विकून टाकतो.

सावडीच्या वाटेतली मोठी अडचण वेगळीच आहे. बैल कमी झाले. ट्रॅक्टर आला, एकरी भाड्यानं, रोख. पैसे टाकले की शेजाऱ्याची गरज संपली. शेताचं काम सोपं झालं आणि नातं अनावश्यक. ट्रॅक्टरला नाव ठेवण्यात अर्थ नाही, बैल राखण्याचे हाल ज्यानं काढले तोच जाणे. पण सावडीची जागा कुठल्या व्यवहारानं भरायची, हा प्रश्न आपण विचारलाच नाही. बचत गट काही प्रमाणात ती भरतात, जिथं ते एका गल्लीचे आणि एका जातीचे नसतात तिथं. शेतकरी कंपन्या भरू शकतील, जर त्यांतल्या बटईदाराला मालकाइतकंच मत असेल.

आणि एक जागा कायद्यानंच तयार करून ठेवली आहे, जिच्याकडे कुणी बघत नाही: सरकारी शाळेची व्यवस्थापन समिती. 2009 च्या शिक्षण हक्क कायद्याप्रमाणे तिच्यात तीन चतुर्थांश पालक हवेत, निम्म्या महिला हव्यात, वंचित घटकांचे पालक त्यांच्या प्रमाणात हवेत. वाढोण्याच्या मराठ्याचं, बौद्धाचं, अन्सारीचं, तांड्यावरच्या राठोडाचं पोर एकाच वर्गात बसत असेल, तर पोषण आहारातली डाळ पातळ का आणि गणिताला शिक्षक का नाही, हा चौघांच्याही आईबापांचा प्रश्न असतो. इथं कुणाचा हात वर नाही. प्रत्यक्षात अनेक गावांत ही समिती कागदावरच असते. प्रोसिडिंगचं रजिस्टर घरोघर फिरतं, सह्या होतात, बैठक झाल्याचं लिहिलं जातं. शांतता समितीच्या चहाला जाणाऱ्या पुढाऱ्यांनी एवढंच करावं: आपल्या गावच्या शाळेची बैठक खरोखर बसते का ते बघावं, आणि ती आठवडी बाजाराच्या दिवशी ठेवायला लावावी. त्या दिवशी रोजानं जाणाऱ्या बायकांना सुट्टी असते, त्यांची मजुरी बुडत नाही.