मूल नाटक कंपनीत धाडताना

मुलगा पेटीवर बसतो, मुलगी भीमजयंतीच्या मंचावर गाते, वस्ती टाळ्या देते. पण तीच मुले “आम्हाला गाणे आणि नाटकच शिकायचे आहे” असे म्हणाली, की धामणगाव रेल्वेसारख्या गावातील मजुरी करणाऱ्या घरात एकच प्रश्न उठतो, “पेटी वाजोल्यानं पोट भरन का, बाप्पा?” प्रश्न रास्त आहे. म्हणून त्याचे उत्तरही नीट दिले पाहिजे.

पहिली गोष्ट अशी, की वर्गात शिकलेले गाणे वेगळे आणि तिकीट काढून बसलेल्या लोकांसमोर रोज रात्री म्हणायचे गाणे वेगळे. घसा बसला तरी उभे राहणे, वाक्य विसरले तरी सावरून घेणे, दुसऱ्याच्या सुरात सूर मिळवणे, हे कंपनीतच शिकायला मिळते.

१८८० साली अण्णासाहेब किर्लोस्करांनी पुण्यात ‘संगीत शाकुंतल’ रंगभूमीवर आणले. त्यानंतरच्या काळात कंपनी हीच शाळा होती. बालगंधर्व १९०५ साली किर्लोस्कर मंडळीत दाखल झाले आणि १९१३ साली गंधर्व नाटक मंडळी निघाली. मास्टर कृष्णराव फुलंब्रीकर लहानपणीच नाटक कंपनीत गाऊ लागले. याच कृष्णरावांनी पुढे बाबासाहेबांच्या विनंतीवरून १९५६ साली बुद्धवंदनेला संगीत दिले.

त्या कंपन्यांच्या पंगतीत आपल्या मुलांना पान नव्हते. आपली माणसे तमाशाच्या फडात आणि नंतर जलशात शिकली. भीमराव कर्डकांचा जलसा, वामनदादा कर्डकांची गाणी ही आपली शाळा. तिथे विचार मिळाला, आवाज मिळाला, पण पैसा क्वचितच मिळाला. कलावंताच्या घरात चूल पेटली की नाही, हे टाळ्या वाजवणाऱ्यांनी फारसे विचारले नाही. आजच्या पालकांच्या मनातील भीती तिथूनच आली आहे.

आज दार उघडे आहे आणि ते फार दूरही नाही. गडचिरोली, चंद्रपूर, भंडारा, गोंदिया हा झाडीपट्टीचा मुलूख. धानाचे पीक हाती आले, की दिवाळीपासून होळीच्या सुमारापर्यंत तिथे गावोगाव मंडई, शंकरपट आणि रात्रभर नाटके चालतात. या कंपन्यांचे मुख्य ठाणे म्हणजे वडसा देसाईगंज. नट स्वतः गातात, सोबत ऑर्गन आणि तबला असतो. गावातील मंडळ प्रयोग ठरवते आणि लोक तिकीट काढून बसतात. या रंगभूमीचे कलावंत परशुराम खुणे यांना २०२३ साली पद्मश्री मिळाली. आपल्या मुलांनी धामणगावहून रेल्वेने नागपूर गाठावे, पुढे एसटीने वडसा. संगीत-नाटक शिकणाऱ्याने एक हंगाम तिथे काढला, तर त्याला आपली कुवत कळते.

परंतु पालकहो, मुलाला नुसते गाडीत बसवून देऊ नका. आधी पुढील गोष्टी विचारून घ्या.

१) मानधन किती व केव्हा? कलावंत त्याला ‘नाईट’ म्हणतात. ती प्रयोगागणिक मिळणार की हंगाम संपल्यावर? पाऊस आला, प्रयोग पडला, तर काय? हे कागदावर लिहून दोघांच्या सह्या घ्या. “शिकाऊ आहे, पैसे कशाला” असे कोणी म्हणाले, तर निदान राहणे, जेवण व प्रवास कंपनीचा असावा.

२) राहायचे कुठे? मुलगी असेल तर स्वतंत्र खोली, सोबत दुसऱ्या स्त्री-कलावंत, आणि पहाटे प्रयोग संपल्यावर परतीची गाडी, याची खात्री करा. आईने एकदा स्वतः जाऊन पाहावे. यात संकोच नको.

३) परीक्षा केव्हा? नाटकांचा हंगाम आणि अभ्यासाचे दिवस एकच येतात. कॉलेजात आधी विचारा. महाराष्ट्रातील पदव्युत्तर अभ्यासक्रमांत २०२३-२४ पासून प्रत्यक्ष कामाच्या प्रशिक्षणालाही क्रेडिट आहेत. विभागप्रमुखांचे पत्र घेऊन कंपनीत गेले, तर ते काम अभ्यासात धरले जाऊ शकते.

४) काम काय? नुसते पडदे ओढणे आणि पेट्या उचलणे की गाणे, वादन, भूमिकाही? दोन्ही करावे, पण दुसरे मिळालेच पाहिजे.

पुढचे शिक्षण घ्यायचे असेल, तर पुणे विद्यापीठाचे ललित कला केंद्र, छत्रपती संभाजीनगरच्या डॉ. बाबासाहेब आंबेडकर मराठवाडा विद्यापीठाचा नाट्यशास्त्र विभाग आणि मुंबई विद्यापीठाची लोककला अकादमी आहे. दिल्लीच्या राष्ट्रीय नाट्य विद्यालयाची १९६४ पासून स्वतःची व्यावसायिक मंडळी, म्हणजे रेपर्टरी आहे. केंद्राच्या संस्कृती मंत्रालयाची तरुण कलावंतांसाठी शिष्यवृत्ती आहे. वय १८ ते २५, दरमहा ५,००० रुपये, दोन वर्षे. नाटक व संगीत दोन्ही त्यात येतात. जाहिरातीवर लक्ष ठेवा आणि जातीचा दाखला, गुणपत्रके, प्रयोगांची प्रमाणपत्रे एका फाईलीत लावून ठेवा.

पदवी मात्र सोडू देऊ नका. पदवी हातात असली, तर उद्या शाळेत संगीत शिक्षक, आकाशवाणी, दूरदर्शन अशा वाटांसाठी अर्ज तरी करता येतो.

आपल्या आधीच्या पिढीने रात्र-रात्र गाऊन समाज जागा केला आणि बहुतेकांच्या हाती फक्त शाल-नारळ पडला. त्यांच्या नातवंडांनी गावे जरूर, पण हिशेबाची वही जवळ ठेवून.